"मॅच चालूए, पॉज होत नाही!"

प्रश्न : माझा मुलगा 14 वर्षांचा आहे. शाळेतून आला की गेम, जेवायला हाक मारली की "आई थांब ना, मॅच चालूए, पॉज होत नाही". परवा वैतागून वायफायच बंद केलं तर घर डोक्यावर घेतलं त्याने. नवरा म्हणतो गेममुळे डोकं तल्लख होतं, सासूबाई म्हणतात मारामारीचे गेम खेळून पोरगं गुंड होणार. खरं कुणाचं?
– एक आई

उत्तर : ताई, आधी सासूबाईंचं बघू, ते लवकर संपेल. ऑक्सफर्डच्या संशोधकांनी ब्रिटनमधल्या 14-15 वर्षांच्या हजारेक मुलांचा अभ्यास 2019 मध्ये प्रसिद्ध केला, त्यात हिंसक गेम खेळणं आणि आक्रमक वागणं यांचा संबंध दिसला नाही. हरल्यावर कंट्रोलर आपटतात, शिव्या देतात, ते थांबवायलाच हवं, पण तेवढ्यावरून गुंड वगैरे नाही होत कुणी.

नवरोबांचं अर्धं बरोबर. अ‍ॅक्शन गेम खेळणाऱ्यांचं नजरेचं लक्ष चांगलं असतं असं 2003 सालीच 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात आलं होतं. 2007 मध्ये दुर्बिणीतून ऑपरेशन करणाऱ्या 33 सर्जन्सची चाचणी झाली, त्यात पूर्वी आठवड्याला 3 तासांपेक्षा जास्त गेम खेळलेल्यांच्या चुका 37 टक्के कमी निघाल्या. आता हात आधीच चपळ होता म्हणून ते गेमकडे वळले की गेममुळे हात चपळ झाला, हे त्यातून कळत नाही, आणि गणिताचा पेपर सोपा जाईल असं तर कुणीच म्हटलेलं नाही :)

आता तुमचं. ऑनलाइन मॅच खरंच पॉज होत नाही हो! बऱ्याचदा चार-पाच जणांची टीम असते, मध्येच उठला तर बाकीचे अडकतात, त्याची रँक घसरते, वर काही गेममध्ये पेनल्टी म्हणून थोडा वेळ खेळताच येत नाही, त्यामुळे वायफाय बंद केलं की त्याच्या दृष्टीने तुम्ही त्याला मित्रांसमोर तोंडघशी पाडलेलं असतं. एक मॅच किती मिनिटांची असते ते त्यालाच विचारा, जेवणाच्या तेवढा वेळ आधी "ही शेवटची" असं ठरवून घ्या. नवीन सुरू केली तर मात्र ऐकायचं नाही, अजिबात.

राहिलं व्यसन. जागतिक आरोग्य संघटनेने आजारांच्या यादीत 'गेमिंग डिसऑर्डर' घेतलाय, ती यादी 2022 पासून लागू आहे. त्यात नुसते तास मोजत नाहीत. खेळण्यावर ताबा उरत नाही, बाकी सगळ्यापेक्षा गेम महत्त्वाचा होतो, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण 12 महिने चालतं, तेव्हा. म्हणून तो झोपतो किती, मैदानावर जायचा ते बंद झालंय का, गेममध्ये नसलेले मित्र अजून आहेत का, हे बघा. झोप तुटत असेल तर तिथून सुरुवात करा, रात्री फोन खोलीबाहेर. आणि महिनोन्महिने सगळंच सुटत चाललंय असं वाटलं तर सरळ मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा.

प्रश्न : मी नोकरी करतो, वय 31. गेम फुकट आहे पण त्यात पैसे भरून बक्षिसांचे बॉक्स उघडण्यात पगार जातोय, बायकोला सांगितलेलं नाही.
– नाव नको

उत्तर : दादा, बॉक्समधून काय निघेल ते आधी कळत नाही, कधीतरीच भारी वस्तू निघते आणि त्या 'कधीतरी'साठी माणूस पुन्हा पुन्हा बटण दाबतो. जुगाराच्या मशीनचं तंत्रही हेच. बेल्जियममध्ये तर 2018 ला पैसे घेऊन उघडायचे असे बॉक्स जुगारात मोडतात असं तिथल्या जुगार आयोगाने सांगितलं. तुम्ही आळशी किंवा बिनडोक नाही, ते तसंच बनवलंय, पण पैसे तुमचे जातायत. आजच गेममधून बँकेचं कार्ड काढून टाका आणि खरेदीला पासवर्ड लावा. तो पासवर्ड बायकोला ठेवू द्या, म्हणजे तिला सांगावं लागणारच.