कांद्याचा एक पावसाळा आणि ग्रँटचे हप्ते

पोरी,

तुझा तो लांबलचक मेसेज वाचला, कांदाचाळीत (कांदा साठवायच्या शेडमध्ये) माल सडायला लागला की आधीच इशारा देणाऱ्या तुझ्या सेन्सरच्या यंत्राचा. फोनवर उत्तर द्यायचं म्हणजे माझी बोटं भलतीच अक्षरं दाबतात, म्हणून आज सुट्टीचा कॉम्प्युटरवर बसलोय, शेजारी चहा आहे, तेव्हा पत्र लांबणार हे धरूनच चाल.

कॉलेजवाले म्हणतायत लगेच कंपनी रजिस्टर कर, इन्क्युबेटरमध्ये (नव्या उद्योगांना जागा आणि मदत देणाऱ्या केंद्रात) टेबल घे, कॉन्फरन्सला पेपर टाक आणि सिंहस्थ जवळ आलाय तर हॅकेथॉनलाही (ठरल्या वेळात काहीतरी नवं बनवून दाखवायच्या स्पर्धेला) उतर. चारही गोष्टी वाईट नाहीयेत गं, पण तू ज्या क्रमानं करायला निघालीयेस तो पार उलटा आहे.

आधी कांद्याचंच बोलू. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि दिवाळीच्या आगेमागे संपतो, म्हणजे तुझ्या यंत्राची खरी परीक्षा वर्षातून एकदाच, ती पण पावसाळ्यात, हवा दमट झाली आणि आतला एखादा कांदा पाणी सोडायला लागला की. मोबाईल ॲपवाल्याचं चुकलं तर तो रात्रीत दुरुस्त करतो आणि सकाळी परत टाकतो. तुझा सेन्सर ऑगस्टमध्ये खोटा अलार्म द्यायला लागला तर दुरुस्ती बरोबर झाली की नाही हे कळायला पुढचा ऑगस्ट उजाडतो. तीन पावसाळे म्हणजे तीन वर्षं गेली. एवढं थांबणारा पैसा बाजारात मिळत नाही, आमच्या नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत ९० दिवसांचं पेमेंट १२० वर गेलं तरी माणसं जेवण सोडतात.

विद्यापीठ, सरकारी योजना, इन्क्युबेटर यांच्याकडून घ्यायचं ते हेच, थांबायला लागणारे पैसे आणि वेळ. गिऱ्हाईक ते आणून देत नाहीत. आपली पोरं नेमकं उलटं करतात, तिथून सर्टिफिकेट आणि फोटो घेतात आणि गिऱ्हाईक मिळेल म्हणून वाट बघत बसतात.

आता कंपनीचं. स्टार्टअप इंडिया सीड फंड म्हणून २०२१ मध्ये योजना आली, इन्क्युबेटरमार्फत प्रोटोटाइप (पहिलं नमुना यंत्र) आणि चाचणीसाठी २० लाखांपर्यंत ग्रँट, पण अट अशी की अर्ज करताना कंपनी २ वर्षांपेक्षा जुनी नसावी. तू आत्ता जूनमध्ये कंपनी काढलीस तर त्या २ वर्षांत तुला कांद्याचे किती हंगाम मिळतात ते मोज. दोन! आणि त्यातला पहिला तर वायरिंग उंदरांनी कुरतडली हे शिकण्यातच जाणार. त्यापेक्षा निधी-प्रयास ही केंद्र सरकारची योजना बघ, त्यात १० लाखांपर्यंत प्रोटोटाइपसाठी मिळतात आणि कंपनी नसतानाही एकटा माणूस अर्ज करू शकतो. यातली कुठली खिडकी सध्या उघडी आहे ते आधी इन्क्युबेटरला विचारून घे, कारण योजनांची नावं आणि तारखा बदलत राहतात. आणि हो, ग्रँट हप्त्यानं येते, ठरलेलं काम झालं की पुढचा हप्ता. म्हणून अर्जात टप्पे लिहिताना कांद्याचं कॅलेंडर समोर ठेव, 'जानेवारीत फील्ड ट्रायल' असलं काही लिहू नकोस, जानेवारीत रब्बीचा कांदा अजून शेतात असतो, चाळीत ट्रायल कशाची घेणार?

पेपरचं मात्र नीट वाच, इथे माझे हात पोळलेत. बऱ्याच वर्षांपूर्वी मी आणि एका कॉलेजातल्या सरांनी मिळून द्राक्षाच्या पॅकहाऊससाठी एक पट्टा बनवला होता, मणी न दुखावता घड पुढे सरकवणारा, माझ्या शेडमध्ये माझ्या पत्र्याचा. सरांना प्रमोशनसाठी पेपर हवा होता, मला त्यात काही वावगं वाटलं नाही, उलट माझं नाव छापून आलं म्हणून मी पेढे वाटले. वर्षभरानं पेटंट करायला गेलो तर वकील म्हणाला, काका हे तर जगजाहीर झालंय, तुम्हीच केलंय. आमच्याच पेपरनं आमचं पेटंट खाल्लं. त्यावर डिझाईन कोणाचं, कॉलेजचं की माझं की सरांचं, हा वाद निघाला तो वेगळाच, कारण कागदावर एक ओळ नव्हती.

म्हणून आधी पेटंटचा प्रोव्हिजनल, म्हणजे तात्पुरता, अर्ज टाक, त्यानंतर पूर्ण तपशील भरायला १२ महिने मिळतात. एकट्या माणसाला ऑनलाईन सरकारी फी १६०० रुपये आहे, वकिलाचे वेगळे. कॉलेजच्या नावानं केलं तर २०२१ पासून शिक्षणसंस्थांनाही फीत ८० टक्के सूट आहे, त्यामुळे परवडत नाही हे कारण कोणी सांगत असेल तर ऐकू नकोस. प्रोव्हिजनलमध्ये जे लिहिलं नाही त्याला नंतर ती आधीची तारीख मिळत नाही, तेव्हा ते दोन पानांत उरकू नकोस. आणि नुसत्या ॲपवर पेटंट मिळत नाही, सेन्सर कुठे बसवलाय, हवा कशी ओढतो, वास आणि ओलावा वेगळा कसा काढतो, तुझी करामत तिथे आहे.

मालकीचं म्हणशील तर २०१९ चं विद्यार्थी आणि शिक्षकांसाठीचं राष्ट्रीय नवोन्मेष आणि स्टार्टअप धोरण आहे, ते वाच. थोडक्यात असं, की संस्थेची लॅब आणि पैसा भरपूर वापरला असेल तर हक्क दोघांचा, आणि सेवांच्या बदल्यात संस्था कंपनीत २ ते ९.५ टक्के हिस्सा घेऊ शकते. एवढं दे, कुरकुर नको करू, लॅब फुकट नसते. पण कोणी १५-२० मागायला लागलं की हा कागद पुढे सरकव. आणि सगळं लॅबमध्ये पाय ठेवायच्या आधी लिहून घे, नंतर सगळ्यांच्या आठवणी वेगवेगळ्या असतात.

चाचणीला मात्र सरकारी माणसांनाच धर. यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठाचं कृषी विज्ञान केंद्र आहे, चितेगाव फाट्याला एनएचआरडीएफ (राष्ट्रीय बागवानी संशोधन आणि विकास प्रतिष्ठान) आहे, राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे. यांच्या लेटरहेडवर 'अमुक चाळीत एवढ्या दिवस आधी इशारा मिळाला' एवढी एक ओळ आली तर ती तुझ्या दहा ट्रॉफ्यांना भारी, कारण शेतकरी गट आणि बँक दोघंही तीच ओळ वाचतात.

लासलगावचं 'कृषक' केंद्र बघितलंयस का कधी? बीएआरसीनं (भाभा अणुसंशोधन केंद्रानं) २००२ मध्ये कांद्याला कोंब फुटू नये म्हणून गॅमा किरणांचं केंद्र तिथे बाजारपेठेच्या शेजारीच उभारलं. विज्ञान शंभर टक्के बरोबर, कोंब थांबतो. पण किरणांनी सड थांबत नाही, वजनातली घट थांबत नाही, वर नेण्या-आणण्याचा खर्च, आणि भाव दहा रुपयांवर असला की शेतकरी तेवढाही करत नाही. आणि गंमत बघ, २००७ मध्ये अमेरिकेनं आपला हापूस घ्यायला सुरुवात केली तेव्हा किरण दिलेलाच आंबा चालणार होता, आणि तो दिला गेला लासलगावला! कांद्यासाठी बांधलेल्या केंद्राचं नाव झालं आंब्यानं. त्यामुळे तुझ्या यंत्राचं गिऱ्हाईक निफाडचा शेतकरीच असेल असं धरून चालू नकोस, कदाचित तो व्यापारी असेल ज्याच्याकडे पाचशे टन पडलाय, किंवा बफर स्टॉक ठेवणारी सरकारी एजन्सी. लासलगावला, पिंपळगावला लिलावाच्या दिवशी जा आणि नुसती ऐक, काही विकू नकोस.

हॅकेथॉनला हरकत नाही, २०१५ च्या सिंहस्थाला इथे कुंभथॉन नावाचं असंच हॅकेथॉन झालं, त्यामागचे अमेरिकेतल्या एमआयटीचे प्राध्यापक रमेश रासकर आपल्या नाशिकचेच, पोरांना खूप काही मिळालं त्यातून. फक्त बक्षिसाचा चेक आणि खरेदीची ऑर्डर यातला फरक लक्षात ठेव, आणि ज्यावर अर्ज टाकलेला नाही ते स्टेजवर दाखवू नकोस.

एक राहिलंच. तुझी खरी स्पर्धा कुठल्या कंपनीशी नाहीये, तुझ्या वडिलांच्या नाकाशी आहे. ते सकाळी चाळीच्या दारात उभे राहिले की सांगतात ना, डाव्या कोपऱ्यात काहीतरी बिघडलंय? यंत्रानं त्यांच्यापेक्षा चार-पाच दिवस आधी सांगितलं तर विकलं जाईल, त्याच दिवशी सांगितलं तर कोण घेईल. आजपासून एक वही कर, एका रकान्यात बाबांचा अंदाज, दुसऱ्यात सेन्सरचा आकडा, तिसऱ्यात चाळ फोडल्यावर खरंच काय निघालं ते. बाबांना आकडा आधी दाखवायचा नाही, नाहीतर ते तुझ्या प्रेमापोटी हो म्हणतील.

रविवारी मी निफाडकडे येतोय, वही बघतो. आईला सांग जेवायला काही विशेष करू नकोस, पिठलं चालेल.

तुझा,
अंबडचा काका