बोर्निओ बेटावरच्या चिमुकल्या ब्रुनेईत इतकं जंगल टिकलं ते सुलतानामुळे का? आपल्यालाही असा राजा हवा होता का?

जंगल टिकलं ते तेलामुळे. 1929 मध्ये सेरियाला तेल लागलं, 1972 पासून जपानला एलएनजी, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायू, जाऊ लागला. मग झाडं विकायची गरजच काय? शेजारच्या सारावाकला, म्हणजे मलेशियाच्या राज्याला, ती चैन नव्हती, तिथे कुऱ्हाड चालली.

प्रश्नाच्या दुसऱ्या भागाने मात्र जुनी खपली निघाली. मी राजापूरचा, पण ब्रुनेईत पाच-सहा वर्षं पाईपलाईन तपासणीच्या कामावर होतो. 2019 च्या मार्चमध्ये नाणारची रिफायनरी रद्द झाली आणि भावोजींचा फोन आला. सड्यावरची आमची जमीन विकायचे बेत त्यांनी आधीच करून ठेवले होते. म्हणाले, "तुमच्या सुलतानाकडे बघा! एक शब्द टाकला की काम सुरू. आमच्याकडे नुसते मोर्चे."

त्याच वर्षी नोव्हेंबरात ब्रुनेईत मुआराजवळच्या पुलाउ मुआरा बेसार बेटावर हेंगयी या चिनी कंपनीची रिफायनरी सुरू झाली. वर्षाला 80 लाख टनांची, सोबत कोळशावरचं स्वतःचं वीजकेंद्र. तेलावर तरंगणाऱ्या देशात कोळसा! तिथल्या एका मलय सहकाऱ्याला मी विचारलं, "तुम्हाला कुणी विचारलं होतं का?" तो हसला आणि तेह तारिकचा, म्हणजे तिथल्या दुधाच्या चहाचा, ग्लास माझ्याकडे सरकवून फुटबॉलवर बोलायला लागला. त्याचं तरी काय चुकलं? आयकर नाही, पेट्रोल ब्रुनेई डॉलरच्या 53 सेंटला लिटर, दवाखाना जवळपास फुकट. सुलतानच पंतप्रधान, अर्थमंत्री आणि संरक्षणमंत्री. 1962 च्या बंडानंतर लागलेली आणीबाणी अजून उठलेली नाही. विधिमंडळ 1984 ला बंद झालं ते 2004 ला उघडलं, तेही नेमलेल्या सदस्यांचं. जनसुनावणीत मंडप डोक्यावर घेणारी आमच्या गावची म्हातारी तिथे कुठून येणार?

म्हणून म्हणतो, राजा चांगला निघाला तर नशीब, आणि नशीब म्हणजे काही कारभार नव्हे.

आता दुसरी बाजूही सांगतो, नाहीतर एकांगी म्हणाल. तेंबुरोंग हा ब्रुनेईचा मलेशियाच्या पट्ट्याने तुटलेला जिल्हा; तिथलं उलू तेंबुरोंगचं जंगल खरोखर राखलंय, होडीतून जाऊन बघण्यासारखं आहे. 2007 मध्ये मलेशिया आणि इंडोनेशियाबरोबर बोर्निओचं जंगल राखायच्या 'हार्ट ऑफ बोर्निओ' जाहीरनाम्यावर सहीही केली. पुढे तेंबुरोंगला जोडणारा 30 किलोमीटरचा पूल झाला, तो लाबूच्या दलदलीच्या जंगलातून नेला. पण पूर्वी तिथे गाडीने जायचं तर मलेशियातून, एका वेळेला पासपोर्टवर चार शिक्के, त्यामुळे लोक खूश. आणि हो, सारावाकात निवडणुका होतात, तरी झाडं गेलीच. म्हणजे नुसत्या मतपेटीनेही भागत नाही. मी स्वतः तेलाच्याच पगारावर घर बांधलं, तेही धरा.

पण भावोजी, तुम्ही हे वाचणार हे माहीत आहे. सातबारा अजून माझ्याच कपाटात आहे.