तिकडे काय झालं, ते त्यांना विचारावं का?

युद्धावरून माणूस परतला की काही महिन्यांनी घरचं कुणीतरी समुपदेशनासाठी माझ्यासमोर येऊन बसतं. कधी पत्नी, कधी आई, कधी मोठी झालेली मुलगी. प्रश्न बहुतेक एकच असतो : "ते काहीच बोलत नाहीत. विचारलं तर त्रास होईल, नाही विचारलं तर एकटे पडतील. काय करू?" एका कुटुंबाची हकिगत सांगते. दोघांची परवानगी आहे आणि ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

पत्नी एकट्याच आल्या होत्या. नवरा आघाडीवरून येऊन वर्ष होत आलं होतं. हातपाय धड होते, त्यामुळे नातेवाइकांच्या लेखी विषय संपला होता. घरात मात्र दार आपटू नये म्हणून फटीत कापड खोचलेलं, टीव्ही मुका, आणि मुलानं मित्रांना घरी आणणं सोडलेलं. नवरा रात्र रात्र दाराकडे तोंड करून खुर्चीत बसे. एकदा तो झोपेत ओरडायला लागला म्हणून यांनी खांद्याला हात लावला, तर त्यानं मनगट असं पिरगळलं की वळ उठले. तेव्हापासून तो स्वतःहूनच वेगळ्या खोलीत झोपत होता. "मला त्यांची भीती वाटत नाही हो," त्या म्हणाल्या, "त्यांनाच स्वतःची वाटते."

पहिल्या भेटीत मी एवढंच सांगितलं : वाईट स्वप्नातून उठवताना अंगाला हात लावू नका. पायथ्याशी थोडं लांब उभं राहा, दिवा लावा, नावानं हाक मारा, "तुम्ही घरी आहात" म्हणा. आघाडीवर सावध झोपेनंच जीव वाचतो. शरीर ते शिकलं आणि घरी आल्यावरही विसरलं नाही.

काही आठवड्यांनी तो आला. "झोपेचं काहीतरी करा," म्हणाला. स्वतःबद्दल बोलताना त्याच्या तोंडी सारखा 'भेकड' हा शब्द येई. म्हणून मी त्याला पहिल्या महायुद्धाबद्दल सांगितलं. 1915 मध्ये चार्ल्स मायर्स या डॉक्टरनं सैनिकांच्या या अवस्थेवर लिहिताना 'शेल शॉक' हा शब्द वापरला. तोफगोळ्याच्या दणक्यानं मेंदू हादरतो, अशी तेव्हा समजूत होती. पण गोळा जवळपास न पडलेल्यांनाही तसंच होई. पळपुटेपणा, भेकडपणा अशा आरोपांखाली ब्रिटिश साम्राज्याच्या सैन्यानं आपल्याच सैनिकांना गोळ्या घातल्या. त्यांतल्या 306 जणांना माफी मिळाली ती 2006 मध्ये. आघातोत्तर ताणविकार, म्हणजे पीटीएसडी, हे निदान अमेरिकी मानसोपचाराच्या नियमावलीत 1980 साली आलं. तो बराच वेळ त्या 306 जणांबद्दलच विचारत राहिला.

आघाडीबद्दल मी काही विचारलं नाही. दिवसातली कुठली वेळ जड जाते, एवढंच विचारलं. "संध्याकाळ. घर गप्प होतं तेव्हा." तिकडे आवाज थांबले की आता हल्ला होणार, असं त्याच्या अंगात भिनलं होतं. त्याला शांतता मिळावी म्हणून घरच्यांनी श्वाससुद्धा जपून घेतला होता, आणि त्याच शांततेत तो पहाऱ्यावर बसत होता. हे कळलं तेव्हा पत्नी रडल्या. दोष त्यांचा नव्हताच. माया करणारं कुठलंही घर हेच करेल.

मग हळूहळू खरी गोष्ट बाहेर आली. तापामुळे त्यानं गस्तीची पाळी बदलून घेतली होती. त्याच्या जागी मित्र गेला आणि परतला नाही. आपण धरून चालतो की सैनिकाच्या मनात भीतीच असते. पुष्कळदा तिथे अपराधीपणा असतो : केलेल्याचा, न केलेल्याचा, नुसतं पाहत राहिल्याचा. "तुझी काय चूक?" हे त्याला सगळ्यांनी सांगून झालं होतं. त्या वाक्यानं ऐकणाऱ्याची सुटका होते. सांगणारा तिथेच राहतो. आम्ही त्या सकाळचं सगळं कागदावर मांडलं. तेव्हा तुला काय माहीत होतं? गस्तीची वाट कुणी ठरवली होती? ताप त्याला असता तर तू गेला असतास का? "गेलो असतो," तो म्हणाला. पुढचं त्याला बोलता आलं नाही. मित्रासाठी तो रडला तो त्या दिवशी, पहिल्यांदा. नंतरचे काही आठवडे आधीपेक्षा वाईट गेले, स्वप्नं वाढली. असं होऊ शकतं हे पत्नींना आधीच सांगून ठेवलं होतं.

तर विचारावं का? तिकडे काय झालं हे खोदू नका. "किती जण मारले?" हे तर कुणीच विचारू नये. आजचं विचारा : "जवळ बसू का?" आणि एकदा स्पष्ट सांगून ठेवा, "सांगावंसं वाटलं तर मी ऐकेन. नाही सांगितलंत तरी चालेल." मुलांपासून लपवू नका. बाबांना मोठ्या आवाजाचा त्रास होतो आणि त्यात तुझी चूक नाही, एवढं पुरतं. नाहीतर मूल दोष स्वतःकडे घेतं. घरात आवाज परत येऊ द्या, पण आधी सांगून. या घरात एका संध्याकाळी मुलाचा एकच मित्र आला, तिथून सुरुवात झाली.

एका बाबतीत मात्र थांबू नका. झोपेसाठी दारू वाढत असेल, "मी नसलेलाच बरा" असं तोंडून निघत असेल, तर जीव द्यायचे विचार येतात का हे सरळ विचारा. विचारल्यानं ते डोक्यात शिरत नाहीत. घरात शस्त्र असेल तर बाहेर हलवा आणि त्याच दिवशी मानसोपचारतज्ज्ञांकडे न्या.

तो आता बिछान्यावर झोपतो. मित्राच्या आईला लिहिलेलं पत्र अजून टाकलेलं नाही. मी घाई करत नाही. पत्नी मात्र हल्ली परत येऊ लागल्या आहेत, स्वतःसाठी. "ते झोपायला लागले आणि माझी झोप उडाली. सगळं नीट होतंय, तर मला एवढा राग का येतो?" वर्षभर त्याही पहाऱ्यावरच होत्या, रागवायला त्यांना सवडच मिळाली नव्हती. त्यांचं सत्र असतं तेव्हा मुलाजवळ तो थांबतो.