बारावीनंतर सरकारी मार्गदर्शन आणि ट्रेनिंग खरंच मिळतं का?

तुमचा भाऊ बारावी सायन्स ५२ टक्क्यांनी पास झालाय, तालुक्यातले करिअर काउन्सेलिंगवाले १५ हजार मागताहेत, आणि सरकारकडून काही मिळतं का, मिळालं तर त्याला किंमत असते का, असं तुम्ही विचारलंय.

मिळतं, आणि किंमतही असते. मी आयटीआयमध्ये फिटर ट्रेडला निदेशक आहे. प्रवेशाच्या दिवसांत असेच भाऊ-बहीण आमच्या दारात उभे असतात, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

जिल्ह्याच्या गावी पूर्वी एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज असायचं. त्याचंच आजचं नाव जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र. महास्वयंम पोर्टलवर नाव नोंदवायला पैसे लागत नाहीत. पण नोंदणी करून घरी बसू नका, भावाला घेऊन प्रत्यक्ष जा. पुढचा रोजगार मेळावा कधी आहे, मागच्या मेळाव्यात कंपन्यांनी कोणत्या ट्रेडची मुलं मागितली, हे विचारा. ती माहिती मला पंधरा हजारांच्या सल्ल्यापेक्षा मोलाची वाटते.

मग आयटीआय. प्रवेश आणि वर्ग राज्याचं व्यवसाय शिक्षण व प्रशिक्षण संचालनालय बघतं. अभ्यासक्रम आणि परीक्षा मात्र देशभर एकच. त्यामुळे आमच्या तालुक्यातल्या मुलाचं सर्टिफिकेट रेल्वेतही चालतं आणि गुजरातच्या कारखान्यातही. फिटर, इलेक्ट्रिशियन दोन वर्षांचे, वेल्डर एका वर्षाचा. ‘बारावी झाल्यावर आयटीआय कशाला’ असं घरचे म्हणतील. पुस्तकी अभ्यास झेपत असेल तर बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षालाही अर्ज करता येतो, तेही तपासा. हातात पाना धरायला आवडत असेल तर आयटीआयच घ्या.

आता ज्याबद्दल फार थोडे पालक विचारतात ते सांगते: ॲप्रेंटिसशिप, म्हणजे प्रत्यक्ष कामावर राहून शिकणं. १९६१ चा शिकाऊ उमेदवारी कायदा आहे. ३० किंवा त्याहून जास्त माणसं असलेल्या आस्थापनेला आपल्या मनुष्यबळाच्या अडीच ते पंधरा टक्के शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. त्यांना स्टायपेंड द्यावा लागतो, आणि राष्ट्रीय शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेखाली त्यातला २५ टक्के वाटा, महिना १५०० रुपयांपर्यंत, केंद्र सरकार उचलतं. हे जिल्ह्यात बघणारं ऑफिस म्हणजे मूलभूत प्रशिक्षण व अनुषंगिक सूचना केंद्र. लांबलचक नाव आहे, पण मोठ्या आयटीआयमध्ये ‘बीटीआरआय कुठे’ विचारलं की कुणीही दाखवतं.

माझं स्वतःचं एक वर्ष वाया गेलं होतं. दहावीनंतर एका खासगी क्लासमध्ये वडिलांनी कर्ज काढून फी भरली. सोनेरी किनारीचं सर्टिफिकेट मिळालं, आणि पहिल्याच कारखान्याच्या गेटवर ते परत हातात दिलं, कारण कुठल्याच परिषदेची मान्यता नव्हती. मग आयटीआय केलं आणि त्यानंतर वर्षभर ॲप्रेंटिस राहिले. वर्गात एक जॉब, म्हणजे घडवायचा लोखंडी तुकडा, कानशीने (फाइलने) घासून मापात आणायला मला दिवस लागायचा. कारखान्याच्या शॉपवर शेजारच्या मामांनी व्हाइसमध्ये (पकडीच्या शिकंज्यात) जॉब कसा धरायचा इथपासून पुन्हा शिकवलं, आणि तीन महिन्यांत तेच काम मी जेवणाच्या सुट्टीआधी उरकायला लागले. आज मुलांना शिकवते ते निम्मं त्या मामांचं आहे.

गावातच राहून काही करायचं असेल तर आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था, बघा. कर्नाटकातल्या उजिरे इथे १९८२ मध्ये सुरू झालेल्या प्रयोगाच्या नमुन्यावर या संस्था उभ्या राहिल्या. जिल्ह्यातली एखादी बँक ती संस्था चालवते. मोबाइल दुरुस्ती, शेळीपालन, शिवणकाम असे कोर्स असतात. राहणं-जेवण फुकट, आणि नंतर कर्जासाठी बँकेकडे पाठपुरावाही करतात.

खासगी सेंटरला जाणारच असाल तर फी भरण्याआधी तीन गोष्टी कागदावर मागा: सर्टिफिकेट कोण देणार, कोर्स एनएसक्यूएफच्या (कौशल्यांचे स्तर ठरवणाऱ्या राष्ट्रीय चौकटीच्या) कितव्या स्तराचा, आणि मागच्या बॅचमधली मुलं आज कुठे कामाला आहेत. त्यातल्या एका मुलाला स्वतः फोन करा. आणि भावाचं बँक खातं आधारशी जोडलेलं आहे का ते आजच बघा, नाहीतर ॲप्रेंटिसशिपच्या स्टायपेंडमधला केंद्राचा तो वाटा अडकतो.