मोठ्या साहेबावरचा गुन्हा नेमका कुठे अडकतो?

सेलूच्या भाऊंचा प्रश्न ज्यांनी वाचला नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात. रस्त्याच्या भूसंपादनात जिरायती जमिनी बागायती दाखवून मावेजा (जमिनीचा मोबदला) उचलला गेला. भाऊंच्या तक्रारीवरून उपजिल्हाधिकारी दर्जाच्या अधिकाऱ्यावर लाचलुचपत विभागानं गुन्हा नोंदवला. दीड वर्ष झालं, दोषारोपपत्र नाही. साहेबांना अटकपूर्व जामीन मिळाला. सरकारी वकील हे साहेबांच्या मेव्हण्याचे जुने ज्युनिअर, आणि जामीन देणारे न्यायाधीश साहेबांच्या मुलीच्या लग्नात दिसतात, तसा फोटो आहे. यावर तिघाचौघांनी "जज मॅनेज झाला, सगळे मिळालेले आहेत, नाद सोडा" असा सल्ला देऊन टाकला.

भाऊ, दोषारोपपत्रच गेलेलं नाही, म्हणजे न्यायाधीशापुढे अजून खटलाच आलेला नाही. त्यांच्यापुढे आला तो फक्त जामीन अर्ज. सगळा पुरावा कागदाचा, कागद जप्त, आरोपी नोकरीत आणि पत्ता पक्का, अशा प्रकरणात अटकपूर्व जामीन बहुतेक ठिकाणी होतो. त्यात लग्नाच्या जेवणाचा हात शोधण्याआधी खटल्याच्या मंजुरीची फाईल कुठं बसलीय ते बघा. माझा अंदाज मंत्रालयात.

मी हे खटले दोन्ही बाजूंनी चालवलेत. आरोपीचा वकील म्हणून दोषारोपपत्र हातात आलं की साक्षीपुराव्याच्या आधी मी मंजुरीचा आदेश उघडतो. भ्रष्टाचार प्रतिबंधक अधिनियम १९८८ च्या कलम १९ प्रमाणे, सरकारी नोकरावर खटला चालवायला, ज्याला त्याला सेवेतून काढायचा अधिकार आहे त्याचीच मंजुरी लागते. सही खालच्या अधिकाऱ्याची असली, किंवा लाचलुचपतनं पाठवलेला मसुदा स्वल्पविरामासकट तसाच टाईप केलेला असला, की आमचं निम्मं काम झालं. अवैध मंजुरीमुळे खटला पडला तर पुन्हा योग्य मंजुरी घेऊन चालवता येतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१५ च्या नंजप्पा निकालात स्पष्ट केलंय. पण तोवर साक्षीदार म्हातारे होतात आणि साहेब निवृत्त. २०१८ च्या दुरुस्तीनंतर निवृत्तांसाठीही मंजुरी लागते, हेही लक्षात असू द्या.

आता हितसंबंधाचं बघू. तलाठ्याची मंजुरी खालीच, उपविभागात किंवा जिल्ह्यात होते. ती पटकन होते, कारण तलाठ्यासाठी कुणाचं काही अडत नाही. उपजिल्हाधिकाऱ्याची फाईल महसूल विभागात जाते. ज्या साखळीतून मावेज्याचा प्रस्ताव वर गेला, दर मान्य झाले, त्याच साखळीतला कुणीतरी मंजुरीच्या फाईलवर टिप्पणी लिहितो. त्याच्या आधीही एक दार आहेच. पदावर असताना घेतलेल्या निर्णयाची चौकशी करायची तर याच कायद्याच्या कलम १७-अ प्रमाणे सरकारची पूर्वमान्यता लागते. जागेवर रंगेहाथ सापडला तर ती लागत नाही. म्हणून पाचशे रुपये घेणारा कारकून सापळ्यात लगेच अडकतो, आणि सहीनं कोटी फिरवणाऱ्याला आधी सरकारची परवानगी. यापूर्वी सहसचिव व वरच्या केंद्रीय अधिकाऱ्यांना असंच कवच होतं. ते सर्वोच्च न्यायालयानं दोनदा काढलं, विनीत नारायण प्रकरणात आणि पुन्हा २०१४ मध्ये. २०१८ साली ते १७-अ म्हणून परत आलं, आणि या वेळी सगळ्यांसाठी.

तपास करणारा तरी कोण? लाचलुचपत विभाग गृह खात्याखाली. तिथला उपअधीक्षक पोलिसांतून प्रतिनियुक्तीवर आलेला असतो. दोन-तीन वर्षांनी तो परत जिल्ह्यात जाणार, आणि बंदोबस्ताच्या बैठकीत त्याच महसूल अधिकाऱ्यांसमोर बसणार. २०२१ च्या एप्रिलमध्ये तत्कालीन गृहमंत्र्यांवरच्या आरोपांची प्राथमिक चौकशी मुंबई उच्च न्यायालयानं सीबीआयकडे दिली, तेव्हा कारण हेच होतं: राज्याचे पोलीस ज्यांच्या हाताखाली, त्यांचीच चौकशी ते मोकळेपणानं कशी करणार?

मंजुरी राजकारणाबरोबर कशी फिरते याचं उदाहरण आपल्या नांदेडचंच आहे. मुंबईतल्या आदर्श सोसायटीच्या प्रकरणात माजी मुख्यमंत्री अशोक चव्हाणांवर खटला चालवायला राज्यपाल के. शंकरनारायणन यांनी डिसेंबर २०१३ मध्ये नकार दिला. सरकार बदललं, राज्यपाल बदलले, आणि फेब्रुवारी २०१६ मध्ये विद्यासागर राव यांनी मंजुरी दिली. डिसेंबर २०१७ मध्ये उच्च न्यायालयानं ती मंजुरी रद्द केली, कारण आधीच्या नकारानंतर पुरावा म्हणून टिकेल असं नवं काही पुढं आलेलं नव्हतं. दोषी कोण, हा प्रश्न बाजूला ठेवा. आदेशाचा प्रवास तेवढा बघा.

म्हणून तुमचं पहिलं काम: मंजुरीचा प्रस्ताव लाचलुचपतनं कोणत्या तारखेला पाठवला, कोणत्या विभागाला पाठवला, आणि आज तो कुणाच्या टेबलावर आहे, एवढंच माहिती अधिकारात मागा. तपासाचे कागद मागू नका, कलम ८(१)(ह), म्हणजे तपासात अडथळा येईल हे कारण, दाखवून परत येतील. तारखा द्यायला अडचण सहसा नसते. महाराष्ट्र लाचलुचपतच्या संकेतस्थळावर प्रलंबित मंजुऱ्यांची माहिती असते, तीही बघून घ्या. कायद्यात तीन महिने आणि विधी सल्ल्यासाठी आणखी एक महिना दिलाय. विजय राजमोहन प्रकरणात ऑक्टोबर २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ही मुदत बंधनकारक ठरवली. मात्र मुदत उलटली म्हणून खटला रद्दही होत नाही आणि मंजुरी आपोआप मिळालीय असंही धरत नाहीत. "१२० दिवसांत मंजुरी आपोआप" असा मेसेज फिरतोय, तो भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम २१८ चा आहे. तुमच्या कलम १९ ला तो लागू नाही. तुमचा रस्ता म्हणजे तारखांचे कागद लावून औरंगाबाद खंडपीठात रिट याचिका आणि एकच मागणी: हो किंवा नाही, निर्णय अमुक आठवड्यांत द्या. मंजुरी द्याच, अशी मागणी करू नका. तिथं याचिका लांबते.

सरकारी वकिलाबद्दलची तुमची शंका मला जास्त वजनदार वाटते. जिल्ह्यातल्या सरकारी वकिलांच्या नावांची यादी जिल्हादंडाधिकारी, म्हणजे जिल्हाधिकारीच, सत्र न्यायाधीशांशी विचारविनिमय करून करतो, हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे महसूल अधिकारी आरोपी, आणि सरकारी वकिलाचं नाव पुढं पाठवणारा त्याच महसूल खात्याचा प्रमुख! वर सत्ता बदलली की जिल्हा सरकारी वकील बदलतात, हे आपण बघतोच. इथं तोंडी कुजबुज उपयोगाची नाही. विधी व न्याय विभागाला आणि अभियोग संचालनालयाला लेखी कळवा: अमुक वर्षांपासून अमुक यांच्या कार्यालयात होते, वकालतनाम्याच्या प्रती सोबत. विशेष सरकारी वकील मागा. नाही दिला, तर सरकारी वकिलाला साहाय्य करायला स्वतःचा वकील लावण्याची परवानगी कोर्टाकडे मागता येते. पुरावा संपल्यावर लेखी युक्तिवाद देण्यासाठीही परवानगी मागता येते. आपला वकील शेजारी बसलेला असला की उलटतपासणीत विचारायचा प्रश्न "विसरला" जाणं अवघड होतं.

आता फोटो. आपल्या जिल्ह्याच्या गावात साहेबलोकांची वस्ती एकच, क्लब एकच. १७ सप्टेंबरला, मराठवाडा मुक्तिसंग्रामदिनी, झेंडावंदनाला सगळे एकाच रांगेत उभे. कच्च्या कैद्यांच्या आढावा समितीत जिल्हा न्यायाधीश, जिल्हाधिकारी आणि पोलीस अधीक्षक हे नेमाप्रमाणेच एका टेबलावर बसतात. त्यामुळं एका पंगतीचा फोटो घेऊन खंडपीठात गेलात तर पाचव्या मिनिटाला बाहेर याल. रणजित ठाकूर प्रकरणापासूनची कसोटी अशी, की पक्षकाराच्या मनात पक्षपाताची रास्त भीती निर्माण होते का. लग्न गुन्हा नोंदल्यानंतरचं आहे का? नातं आहे का? न्यायाधीशांचा मुलगा किंवा भाऊ साहेबांचं वकीलपत्र चालवतो का? वकिलानं जवळच्या नातलग न्यायाधीशापुढं उभं राहू नये असा बार कौन्सिलचा नियम आहे. यातलं काही कागदावर दाखवता आलं, तर खटला दुसऱ्या कोर्टात वर्ग करण्याचा अर्ज शपथपत्रासह उच्च न्यायालयात होतो. मात्र हा अर्ज करायचा तो खटला उभा राहिल्यावर आणि पहिल्याच तारखांना. निकाल विरोधात जाईल असं दिसायला लागल्यावर केलेल्या अर्जाला कुणी विचारत नाही.

न्यायाधीश पैसे घेतच नाहीत असं मी म्हणत नाही. डिसेंबर २०२४ मध्ये साताऱ्याच्या जिल्हा न्यायाधीशांवर जामिनासाठी ५ लाख मागितल्याचा गुन्हा लाचलुचपतनंच नोंदवला, आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये उच्च न्यायालयानं त्यांना सेवेतून काढलं. खालच्या न्यायालयांवर उच्च न्यायालयाचं नियंत्रण आहे आणि ते वापरलं जातं. खरी अडचण वर आहे. १९९१ च्या वीरास्वामी निकालानुसार उच्च न्यायालयाच्या न्यायाधीशावर सरन्यायाधीशांशी सल्लामसलत केल्याशिवाय गुन्हाच नोंदवता येत नाही, आणि पदावरून काढायला संसदेत दोन-तृतीयांश मतं लागतात. १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती व्ही. रामस्वामींविरुद्ध चौकशी समितीनं ठपका ठेवूनही सत्ताधारी पक्ष मतदानाला तटस्थ राहिला आणि ठराव पडला. पण तुमचं प्रकरण तिथलं नाही. आणि "सगळे विकलेले" म्हणणाऱ्यांना निलंग्याची आठवण करून द्या. शिवाजीराव पाटील निलंगेकरांनी १९८६ मध्ये मुख्यमंत्रिपद सोडलं, ते मुलीच्या एमडी परीक्षेच्या गुणांवरून उच्च न्यायालयानं मारलेल्या ताशेऱ्यांमुळेच.

एक काम मात्र आजच करा. तो लग्नाचा फोटो कुठल्या ग्रुपवर "विकाऊ जज" असं लिहून टाकला असेल तर काढा. न्यायालय अवमान अधिनियमाच्या कलम ६ प्रमाणे, खालच्या न्यायाधीशाविरुद्ध सद्भावनेनं उच्च न्यायालयाकडे केलेली तक्रार अवमान ठरत नाही. हे संरक्षण व्हॉट्सॲपला नाही. तक्रार करायचीच असेल तर शपथपत्रावर, पडताळता येतील अशा तारखा आणि नावं देऊन, रजिस्ट्रार जनरलकडे. जामीन चुकीचा दिला एवढंच म्हणणं असेल, तर ती तक्रार नव्हे. त्यासाठी जामीन रद्द करण्याचा अर्ज असतो.

मंजुरीच्या प्रस्तावाची तारीख हाती आली की इथंच टाका. रिटचा मसुदा कसा करायचा ते तेव्हा सांगतो.