गोव्याला निघालायस ना? मग ऐक

पहिल्यांदाच दोघं चाललायत, म्हणून सांगतो. आमचं कळंगुटला बिलावरून वाजलं, तिसऱ्या पेगनंतर. मी बायकोच्या हातातला मोबाईल हिसकावला, तो फरशीवर आपटला. शेजारच्या खोलीतून कुणीतरी ११२ फिरवला. ‘साहेब, आमचं घरगुती आहे’ म्हणालो, हवालदार नुसता फुटलेल्या काचेकडे बघत राहिला.

आता चारचौघांत पिऊन धिंगाणा घातलास तर भारतीय न्याय संहितेचं (आयपीसीच्या जागी आलेला फौजदारी कायदा) कलम ३५५ लागतं: २४ तासांपर्यंत कैद, १,००० रुपयांपर्यंत दंड, नाहीतर समाजसेवा. (झाडू मारताना फोटो काढू नकोस!) हात उगारून इजा केलीस तर कलम ११५, वर्षभरापर्यंत आत. ‘नशेत होतो’ ही सबब चालत नाही, स्वतःहून प्यायलास ना? रागारागात स्कूटर तर काढूच नकोस. पिऊन चालवताना पहिल्यांदा सापडलास तरी १०,००० रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही. आवाज चढला की स्कूटरची चावी रिसेप्शनवर दे आणि सरळ दुसरी खोली माग.