संघाच्या पाठोपाठ, बेताच्या खर्चात

मोठ्या फुटबॉल स्पर्धेत आपल्या राष्ट्रीय संघाबरोबर शहरोशहरी फिरण्याचा बेत अनेक वाचकांच्या मनात असल्याचे या वेळच्या पत्रांवरून दिसते. त्यांपैकी चार प्रश्नांना येथे उत्तरे दिली आहेत.

प्रश्न : आम्ही तिघे मित्र पुढच्या मोठ्या स्पर्धेत आमच्या संघाचे सामने प्रत्यक्ष पाहू इच्छितो. साठवलेले पैसे मोजकेच आहेत. संघ साखळीतच गारद होईल की पुढे मजल मारील, हे आज कोणीच सांगू शकत नाही. अशा वेळी प्रवासाचे आणि मुक्कामाचे आरक्षण कधी आणि किती दिवसांचे करावे?

उत्तर : ज्या सामन्याची तारीख आणि शहर ठरलेले आहे, त्याचे पैसे लवकर भरून मोकळे व्हावे आणि जे संघाच्या निकालावर अवलंबून आहे, त्यासाठी थोडे महाग पडले तरी रद्द करता येईल असेच आरक्षण घ्यावे. काटकसरीने निघालेले बरेच लोक नेमके उलट करतात. साखळी सामन्यांची खोली ते ‘बघू नंतर’ म्हणून लांबणीवर टाकतात, तोवर भाडे चढते आणि बाद फेरीसाठी मात्र उत्साहाच्या भरात परत न मिळणारे स्वस्त तिकीट काढून बसतात.

साखळीतले तीन सामने कोठे आणि कधी होणार, हे गटांची सोडत निघाली की कळते आणि सोडत बरीच आधी निघते. जर्मनीत 14 जून 2024 रोजी सुरू झालेल्या युरो स्पर्धेची, म्हणजे युरोपीय देशांच्या फुटबॉल स्पर्धेची, सोडत 2 डिसेंबर 2023 लाच निघाली होती. त्याच दिवशी आणखी एक गोष्ट तपासून ठेवता येते : गटात पहिले आल्यास पुढचा सामना कोणत्या शहरात, दुसरे आल्यास कोणत्या. ही दोन शहरे सहसा वेगळी असतात आणि खर्चाचा खरा घोळ येथेच होतो.

याच स्पर्धेतील अ गटाची शेवटची रात्र डोळ्यांसमोर आणावी. 23 जूनला फ्रँकफर्टमध्ये स्वित्झर्लंड जर्मनीविरुद्ध 1-0 ने पुढे होता. निकाल तसाच राहिला असता, तर स्वित्झर्लंड गटात पहिला येऊन 29 जूनला डॉर्टमुंडमध्ये खेळला असता. नव्वद मिनिटे संपून भरपाईच्या वेळेचे दुसरे मिनिट सुरू असताना जर्मनीच्या निकलास फ्युलक्रुगने हेडरवर बरोबरी साधली, जर्मनी गटात पहिला आला आणि स्वित्झर्लंडचा पुढचा सामना बर्लिनला गेला. ज्या स्विस पाठीराख्याने डॉर्टमुंडची खोली रद्द न होणाऱ्या दराने घेतली असेल, त्याचे पैसे त्या एका हेडरने बुडाले. त्याच वेळी श्टुटगार्टमध्ये हंगेरीने अगदी अखेरच्या क्षणी गोल करून स्कॉटलंडला 1-0 ने हरवले. स्कॉटलंडच्या पाठीराख्यांचा हिशेब निदान तेथेच मिटला. हंगेरीचे लोक मात्र तिसऱ्या क्रमांकावर अडकले आणि इतर गटांचे निकाल लागेपर्यंत तीन दिवस अधांतरी राहिले. 26 जूनच्या रात्री जॉर्जियाने पोर्तुगालला हरवले, तेव्हा हंगेरी बाहेर पडल्याचे निश्चित झाले. चोवीस संघांच्या युरोत तिसऱ्या क्रमांकाचे चार उत्तम संघ पुढे जातात, तर अठ्ठेचाळीस संघांच्या विश्वचषकात असे आठ संघ जातात. त्यामुळे तुमचा संघ फार बलाढ्य नसेल, तर अशा वाट पाहण्याच्या दोन-तीन दिवसांचा खर्च अंदाजपत्रकात धरलाच पाहिजे.

यावरचा मला पटलेला उपाय म्हणजे संघाबरोबर रोज मुक्काम न हलवता एका शहरात तळ ठोकणे. त्याच स्वित्झर्लंडचे पहिले दोन सामने कोलोनमध्ये होते. तिसरा फ्रँकफर्टला होता आणि वेगवान रेल्वेने ते अंतर सुमारे तासाभराचे आहे. स्पर्धेच्या दहा यजमान शहरांपैकी कोलोन, ड्युसेलडॉर्फ, डॉर्टमुंड आणि गेल्सेनकिर्शन ही चार शहरे एकमेकांपासून शंभरेक किलोमीटरच्या टापूत आहेत. पुढे स्वित्झर्लंडने बर्लिनमध्ये इटलीला हरवले आणि उपांत्यपूर्व फेरीचा सामना त्याच्या वाट्याला आला तो ड्युसेलडॉर्फमध्ये, म्हणजे कोलोनच्या शेजारीच. कोलोनला एकच खोली घेऊन राहिलेल्या माणसाला पाच सामन्यांत लांबचा प्रवास फक्त बर्लिनचा पडला असता. इतके जुळून येणे हा नशिबाचा भाग झाला, हे मान्य आहे. पण नकाशा पाहून तळ निवडला, तर नशिबाला वाव तरी मिळतो. खोली यजमान शहरातच हवी, हाही आग्रह नको. रेल्वेने तासाभरावर असलेल्या एखाद्या लहान गावात राहिल्यास खर्च बराच आटोक्यात राहतो.

परतीच्या तिकिटाबाबत माझे मत थोडे कठोर आहे. साखळीतील शेवटच्या सामन्यानंतर दोन दिवसांनी परत येण्याचे, पण तारीख बदलता येईल असे तिकीट घ्यावे. अंतिम सामन्यानंतरच्या तारखेचे तिकीट काढून ‘आपण तोवर असूच’ म्हणणाऱ्यांचा आशावाद मला आवडतो, हिशेब आवडत नाही.

प्रश्न : सामन्यांची तिकिटे आधी घ्यावीत की विमानाची? बाद फेरीसाठी संघावर अवलंबून असलेली तिकिटे मिळतात, असे ऐकले आहे. ती घेणे शहाणपणाचे आहे का?

उत्तर : आधी सामन्याचे तिकीट, मग विमान. त्यासाठी तुमच्या देशाच्या फुटबॉल संघटनेच्या पाठीराखे-मंडळात सोडतीच्या पुष्कळ आधी नाव नोंदवून ठेवावे, कारण तिकिटांचा एक वाटा दोन्ही संघांच्या संघटनांकडे दिला जातो. 2026 च्या विश्वचषकासाठी हा वाटा प्रत्येक संघामागे त्या सामन्याच्या आठ टक्के तिकिटांचा ठरवण्यात आला. मंडळाचे सदस्यत्व असूनही तिकिटासाठीच्या चिठ्ठीत आपले नाव निघतेच असे नाही, परंतु खुल्या विक्रीतील गर्दीपेक्षा तेथे वाव अधिक असतो.

संघ पोहोचला तरच लागू होणारे तिकीट घेताना एकच कलम दोनदा वाचावे : संघ वाटेत बाहेर पडल्यास पैसे परत मिळणार का, किती कापून आणि किती दिवसांनी. रक्कम परत मिळत असली, तरी ती काही आठवडे अडकून पडते आणि बेताच्या पैशांत निघालेल्या माणसाला तेवढ्याच रकमेची ऐन स्पर्धेत गरज लागते. म्हणून अंतिम सामन्यापर्यंतची सगळी तिकिटे एकदम घेण्यापेक्षा बाद फेरीच्या पहिल्या सामन्यापुरते थांबावे, असे मी सुचवेन. पुढच्या फेऱ्यांची तिकिटे आयोजकांच्या अधिकृत फेरविक्रीच्या संकेतस्थळावर पाहता येतात. एखादा संघ हरला की त्याचे पाठीराखे आपली तिकिटे तेथेच विकायला काढतात, त्यामुळे मोठ्या पराभवानंतरच्या सकाळी तेथे लक्ष ठेवावे. स्टेडियमबाहेर उभ्या असलेल्या विक्रेत्याकडून मात्र काहीही घेऊ नये.

प्रश्न : स्पर्धा एकाहून अधिक देशांत असेल, तर व्हिसाचे काय? सामन्याचे तिकीट दाखवले की प्रवेश मिळतो का?

उत्तर : हा गैरसमज 2018 पासून रुजला असावा. त्या वर्षीच्या विश्वचषकासाठी रशियाने तिकीटधारकांना ‘फॅन आयडी’वर व्हिसाविना प्रवेश दिला होता आणि यजमान शहरांदरम्यान मोफत रेल्वेगाड्याही सोडल्या होत्या. 2022 मध्ये कतारने ‘हय्या’ कार्डावर तशीच प्रवेशाची आणि मोफत मेट्रोची सोय केली. या सवलती त्या त्या यजमानाच्या होत्या. एरवी सामन्याचे तिकीट म्हणजे प्रवेशाचा हक्क नव्हे.

2026 चा विश्वचषक अमेरिका, कॅनडा आणि मेक्सिको या तीन देशांतील 16 शहरांत आखला गेला आणि तिन्ही देशांचे प्रवेशाचे नियम आपापले आहेत. 2030 चा विश्वचषक मुख्यतः स्पेन, पोर्तुगाल आणि मोरोक्को येथे व्हायचा आहे, तर सुरुवातीचे तीन सामने उरुग्वे, अर्जेंटिना आणि पॅराग्वेत ठेवले आहेत. यातला खाचखळगा लक्षात घ्यावा. स्पेन आणि पोर्तुगाल शेंगेन क्षेत्रात, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटात आहेत, मोरोक्को नाही. माद्रिदहून सामन्यासाठी मोरोक्कोला गेलात आणि तुमच्या शेंगेन व्हिसावर एकाच प्रवेशाची परवानगी असली, तर परत स्पेनमध्ये पाऊल ठेवता येणार नाही. म्हणून अर्जातच एकाहून अधिक प्रवेशांची मागणी करावी आणि त्यासोबत सामन्यांचे वेळापत्रक जोडावे. हा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. ज्या देशात सर्वाधिक दिवस राहणार, त्याच्या वकिलातीकडे तो द्यावा लागतो आणि किमान 30,000 युरोचा वैद्यकीय प्रवास विमाही लागतो. संघ हरल्यामुळे वाया गेलेल्या आरक्षणाची भरपाई मात्र या विम्यातून मिळत नाही.

प्रश्न : एका दिवसात जाऊन सामना पाहून रात्रीच परतलो, तर मुक्कामाचा खर्च वाचेल. हे जमण्यासारखे आहे का?

उत्तर : दुपारच्या सामन्याला जमते. रात्री नऊच्या सामन्याला, त्यातही बाद फेरीत, शेवटच्या गाडीवर विसंबू नये. जादा वेळ आणि पेनल्टी शूटआउट झाल्यास बाहेर पडायला मध्यरात्र होते. 29 जून 2024 ला डॉर्टमुंडमध्ये तर विजांच्या वादळामुळे जर्मनी-डेन्मार्क सामना मध्येच थांबवावा लागला होता. पाठीवरची पिशवी घरीच ठेवावी किंवा स्टेशनवरील लॉकरमध्ये सकाळीच टाकावी, कारण त्या स्पर्धेत ए-4 कागदापेक्षा मोठी पिशवी आत नेता येत नव्हती. तिकीट फोनवरच असते, म्हणून चार्जिंगची पॉवर बँक खिशात हवी आणि सगळ्यांची तिकिटे एकाच फोनवर असतील, तर निघण्यापूर्वी ज्याची त्याच्या फोनवर वर्ग करून घ्यावीत.

आयोजकांनी तिकिटासोबत स्थानिक वाहतुकीचा पास दिला असेल, तर त्याची मुदतही पाहावी. युरो 2024 मध्ये हा पास सामन्याच्या दिवशी सकाळी सहापासून दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत, म्हणजे छत्तीस तास चालत असे. तो लांब पल्ल्याच्या गाड्यांना लागू नव्हता, पण मध्यरात्री स्टेडियममधून शहराबाहेरच्या स्वस्त वसतिगृहात जायला आणि सकाळी तेथून स्टेशन गाठायला वेगळे तिकीट काढावे लागत नसे.